माळव्याची रात्र परत मिळवायची तर: इंदूरच्या घरासाठी आणि गल्लीसाठी सावली, माती, पाणी यांची आखणी

‘शब-ए-मालवा’चं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक इंदुरात अजून सगळे करतात, पण मे महिन्यात रात्री अकराला पश्चिमेची भिंत हाताला गरम लागते तेव्हा ते कौतुक जरा जड जातं. माळव्याच्या गार रात्रीत जादू काही नव्हती. साधारण साडेपाचशे मीटर उंचीचं पठार, उन्हाळ्यात कोरडी हवा आणि निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन रात्र झाली की आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडून द्यायची. पठार जागेवरच आहे आणि मेमधली हवा आजही कोरडीच असते. बदललंय ते जमिनीवर आपण काय अंथरलं ते. काळी माती आणि झाडं होती तिथे डांबर, आरसीसी आणि पेव्हर ब्लॉक आले. ते दिवसभर ऊन साठवतात आणि मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतात.

म्हणून इथला सगळा सल्ला एकाच गोष्टीवर बेतलेला आहे: अंगण, बगीचा, गल्ली ही दुपारी दोनसाठी नाही, रात्री नऊसाठी आखायची. जड, जाड वस्तूंवर (भिंत, स्लॅब, रस्ता) दिवसा ऊन पडू द्यायचं नाही आणि रात्री जमिनीला वरचं आकाश मोकळं ठेवायचं. लॉन, कारंजं आणि गेटाजवळचे दोन पाम यांचा विचार त्यानंतर. खरं तर पामचा विचार केला नाही तरी चालेल.

आधी उष्णता कुठे साठते ते शोधा

नर्सरीत जाण्याआधी एक दिवस घरी द्या. एप्रिलच्या अखेरचा किंवा मेचा स्वच्छ दिवस निवडा. प्लॉटचा साधा नकाशा कागदावर काढा, उत्तर दिशा नीट दाखवा, आणि सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि सहा वाजता ऊन कुठे आहे ते वेगवेगळ्या रंगांनी भरा. मग रात्री नऊला पुन्हा बाहेर या. चप्पल काढून एमओएसमध्ये (घराभोवती नियमाने सोडायच्या मोकळ्या जागेत), गाडी उभी करता त्या फरशीवर, मागच्या वाड्यात फिरा. भिंतींना तळहात लावून बघा. जिथे पाय किंवा हात मागे घ्यावासा वाटतो, तिथे खूण करा. बहुतेक घरांत या खुणा दोनतीन जागीच निघतात: पश्चिमेची भिंत, गेटाच्या आतली फरशी आणि गच्ची. तुमचं बजेट तिथेच जायला हवं.

आकडे हवे असतील तर महाराणी रोडवरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत तापमान मोजायची इन्फ्रारेड गन मिळते. चकचकीत स्टीलवर ती चुकीचा आकडा दाखवते. फरशी, माती, पानं, भिंत यांवर ठीक चालते. भर दुपारी उघड्या डांबरावर धरली तर साठीच्या आसपासचे आकडे दिसतील, आणि दाट झाडाखालच्या ओलसर मातीवर त्याहून वीस अंश कमी. याउलट हवेचा साधा थर्मामीटर उन्हातून झाडाखाली आणला तर जेमतेम एकदोन अंशांचा फरक दाखवतो. त्यावरून “झाडाने काही होत नाही” असं म्हणणारे लोक भेटतात. पण शरीराला नुसती हवा तापवत नाही. वरून थेट ऊन आणि चारी बाजूंच्या तापलेल्या पृष्ठभागांचा झोत, दोन्ही अंगावर येत असतात. झाड ते दोन्ही अडवतं, म्हणून सावलीत जीव शांत होतो.

सूर्याचा हिशेब

इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्याचा सोपा अर्थ असा, की भर उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापत नाही. तिला दोनअडीच फुटांचं छज्जं पुरतं. तापतात गच्ची आणि पश्चिमेची भिंत. पूर्वेचीही तापते, पण सकाळी, हवा गार असताना; आणि दिवसभरात तिला निवायला वेळ मिळतो. पश्चिमेची भिंत संध्याकाळी सहापर्यंत ऊन खाते आणि ते सगळं रात्री तुमच्या बेडरूममध्ये सोडते.

मेच्या मध्यावर दुपारी चारला सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या सव्वापट लांब पडते, पाच वाजता दुप्पट. या दोन आकड्यांवर झाडाची जागा ठरवता येते. समजा झाड सहा मीटर उंच होणार आहे आणि भिंतीपासून चार मीटरवर आहे. चारला त्याची सावली भिंतीवर सुमारे पावणेतीन मीटरपर्यंत चढते, म्हणजे तळमजल्याची भिंत बऱ्यापैकी झाकली जाते. पाचला चार मीटरपर्यंत. तेच झाड भिंतीपासून सहा मीटरवर लावलं तर चार वाजता सावली जेमतेम एक मीटर चढते, आणि तोवर ऊन खिडकीतून आत आलेलं असतं. पश्चिमेचं झाड जवळ हवं ते यासाठी.

पण किती जवळ? इथे काळी माती आडवी येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पायाजवळचं मोठं झाड तिच्यातलं पाणी ओढून ही हालचाल वाढवतं. पाया मुरमापर्यंत नेलेला असेल तर काळजी कमी; नसेल तर मध्यम झाड चार मीटरच्या आत आणू नका. वड, पिंपळ, उंबर घराजवळ अजिबात नकोत. त्यांची जागा बगीच्यात, देवळाच्या आवारात, तलावाच्या पाळीवर.

हिवाळ्याचंही बघायला हवं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला ४४ अंशांवर असतो आणि इंदूरच्या थंडीत ते ऊन हवंहवंसं वाटतं. म्हणून दक्षिणेकडे दाट सदाहरित झाड लावू नका. कढीलिंब, मोगरा, जास्वंद, फार तर विरळ सावलीचा शेवगा.

झाड निवडताना एकच प्रश्न: मेमध्ये त्याच्यावर पानं असतात का?

गुलमोहर आणि बहावा यांच्यावर माझाही जीव आहे. पण एप्रिल-मेमध्ये, ज्या दिवसांत सावलीची खरी गरज, त्या दिवसांत ही झाडं पानांऐवजी फुलांवर असतात. बहावा तर जवळजवळ उघडाच असतो. शिवाय गुलमोहराची मुळं वरवरची आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात फांदी गाडीवर येते. ही झाडं चौकात, बगीच्यात शोभतात. पश्चिमेच्या भिंतीची राखण त्यांच्याकडे देऊ नका.

माझी पहिली पसंती करंजाला. मार्च-एप्रिलमध्ये तो थोडे दिवस पानं गाळतो आणि ऊन कडक होईपर्यंत नव्या, चकचकीत हिरव्या पानांनी भरून जातो. काळ्या मातीत तग धरतो, दोन वर्षांनी पाणी कमी मिळालं तरी कुरकुरत नाही. कडुनिंबाचंही तसंच: फाल्गुनात पानगळ, चैत्रात नवी पालवी. फक्त त्याला पसरायला जागा द्या. बकुळ सदाहरित आणि आटोपशीर, पण वाढतो सावकाश; घाई असलेल्याने त्याच्या जोडीला वेल लावावा. जांभूळ उत्तम दाट सावली देतं, मात्र जूनमध्ये खाली पांढरी गाडी उभी करायची नाही. अर्जुन आणि कदंब पाणी असेल तिथेच, म्हणजे नाल्याच्या काठाला किंवा बगीच्यातल्या सखल भागात.

काय टाळायचं तेही सांगतो. कंपाउंडला लागून सरळ रांगेत उभा खोटा अशोक सुबक दिसतो, पण सावली देतो काठीएवढी. सप्तपर्णीच्या फुलांचा दिवाळीच्या सुमाराचा वास अनेकांना सहन होत नाही, खिडकीखाली नको. कोनोकार्पस झटपट हिरवा होतो म्हणून खपतो. शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, कारण परागकणांचा त्रास आणि खोल जाऊन पाइपलाइन-केबलला इजा करणारी मुळं. आपण तो अनुभव नव्याने कशाला घ्यायचा?

वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर चार मीटर जागा सुटत नाही, हे उघड आहे. अशा घरांत पश्चिमेच्या भिंतीवर वेलाचा पडदा करा. भिंतीपासून फूटभर अंतर सोडून बांबूचा किंवा जीआय तारेचा मांडव उभा करा. ते अंतर महत्त्वाचं: वेल भिंतीला चिकटला तर मधली हवा खेळत नाही आणि पावसाळ्यात ओल येते. पायथ्याशी निदान दीड फूट रुंद मातीचा वाफा हवा, कुंडीत भागत नाही. फेब्रुवारीअखेर गिलकी किंवा दोडका पेरला तर मेपर्यंत जाळी भरते आणि भाजीही होते. लूमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातल्या तापलेल्या वाऱ्यात, त्याला रोज पाणी लागतं, ते जमणार नसेल तर मधुमालती लावा. पहिली दोन वर्षं सांभाळली की ती फारसं मागत नाही आणि संध्याकाळी वास येतो तो वेगळाच.

उन्हाळ्यातला तापलेला वारा इंदुरात मुख्यतः पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. त्याला भिंतीने अडवलं तर पलीकडे हवा कोंडते. विरळ पानांच्या ओलसर पडद्यातून तो आला तर थोडा निवून येतो. खसच्या टट्टीचं, म्हणजे दारा-खिडकीला लावतात त्या वाळ्याच्या ओल्या पडद्याचं, तत्त्व हेच. म्हणून वेल किंवा कुंपण इतकं दाट होऊ देऊ नका की पलीकडचा उजेडही दिसू नये.

खड्डा, माती आणि आपल्या गावाचं खत

झाड मरतं ते बहुधा खड्ड्यातच. काळ्या मातीत छोटा खड्डा खणून त्यात भुसभुशीत खतमाती भरली, की पावसाळ्यात आजूबाजूच्या चिकण मातीचं पाणी त्यात उतरतं आणि खड्डा माठासारखा भरून राहतो. मुळं कुजतात. दोष मात्र रोपाला मिळतो.

खड्डा मेमध्येच खणा, शक्य तर मीटरभर लांब, रुंद आणि खोल. महिनाभर उन्हात तापू द्या. मग त्यात दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तळाला पहारीने खाली मुरूम लागेपर्यंत एक-दोन भोकं पाडा आणि त्यांत गिट्टी भरा. भरताना खणलेलीच माती मोठ्या प्रमाणात वापरा, तिच्यात मुरूम आणि कुजलेलं खत मिसळा. सगळी माती बाहेरून आणली तर मुळं त्या गुबगुबीत जागेतच घोटाळत राहतात. भराव आसपासच्या जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, पावसानंतर तो बसतो. रोप जूनच्या अखेरीस, एकदोन चांगले पाऊस झाल्यावर लावा. पिशवी काढल्यावर मुळं गोल गुंडाळलेली दिसली तर ती कापून मोकळी करा. न कापल्यास ती तशीच जाड होतात आणि पाचसहा वर्षांनी वादळात झाड मुळासकट उलटतं.

खताबद्दल बाहेर शोधायची गरज नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या परिसरात होते. तिथे त्यांनी बसवलेली कंपोस्टची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. वाळका पालापाचोळा आणि हिरवा कचरा, त्यावर शेण, थोडी माती आणि राख, असे थर. ओल टिकवायची, मधूनमधून दोनतीन वेळा ढीग वरखाली करायचा, तीनेक महिन्यांत खत तयार. घरच्या बागेला कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा ढीग पुरतो. आणि आपण काय करतो? मार्चमधला सगळा पाला पिशव्या भरभरून निगमच्या (महापालिकेच्या) कचरागाडीत देतो. ओला-सुका वेगळा केल्याचं समाधान मिळतं, पण झाडाखालची जमीन उघडी पडते. तो पाला झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून आठदहा सेंटीमीटर जाडीने पसरा. मेमध्ये त्याखालची माती बोटाने उकरून बघा, गार आणि ओलसर लागेल. बुंध्याला चिकटवू मात्र नका, साल कुजते आणि वाळवी लागते.

१४ जुलै २०२४ ला सीमा सुरक्षा दलाच्या रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लावून इंदूरने गिनेस विक्रम केला. छान झालं. पण रोप झाड होतं ते तिसरा उन्हाळा काढल्यावर, आणि त्या तीन उन्हाळ्यांत पाणी घालणाऱ्यांचा विक्रम कुठे नोंदवला जात नाही. तुमच्या अंगणात पाच रोपं लावण्यापेक्षा दोन लावा आणि तीन वर्षं धरून बसा.

पाणी कुठे खर्चायचं

आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणलेलं असतं. ते लॉनवर ओतताना हात जरा आखडला पाहिजे. मेच्या कोरड्या हवेत हिरवळ ताजी ठेवायला दर चौरस मीटरमागे रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या लॉनला पाच-सहाशे लिटर. बदल्यात सावली शून्य.

पाण्याने गारवा मिळतो तो बाष्पीभवनातून. एक लिटर पाणी हवेत उडताना साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. चांगलं वाढलेलं झाड दिवसाला शंभर लिटर पाणी पानांतून सोडत असेल, तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तास चालवल्याइतकी उष्णता ते शोषतं. हा गारवा उघड्यावर विखुरतो, खोलीसारखा साठत नाही, हे खरं. मुळाशी पाणी नसेल तर झाड पानांची छिद्रं मिटून घेतं, हेही खरं. तहानलेलं झाड फक्त छत्रीचं काम करतं. म्हणून उन्हाळ्यात मोठ्या झाडांनाही पाणी द्यायचं. बुंध्याशी नाही, फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याखाली, आणि रोज तांब्याभर देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर.

लहान रोपांसाठी माठ सगळ्यात चांगला. कच्चा, न रंगवलेला, पाचसात लिटरचा माठ रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा. तो झिरपत राहतो आणि तीनचार दिवसांनी भरावा लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जाणाऱ्यांची मोठी सोय. बोअरिंगच्या जड पाण्याने दोन हंगामांत माठाची छिद्रं बुजतात, मग नवा घ्यायचा.

आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते कुंड्यांना सतत घातलं तर पानांच्या कडा करपतात. ते सड्यासाठी ठेवा. ऊन कलल्यावर, फरशीवर सावली आली की चौरस मीटरला साधारण एक लिटर या हिशेबाने पाणी शिंपडा. दुपारी तीनला शिंपडलेलं पाणी लगेच वाफ होऊन जातं आणि फरशी पुन्हा तापते. सहा वाजता शिंपडलेलं पाणी स्लॅबमधली दिवसभराची उष्णता घेऊन जातं. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा शिंपडलं तर रात्री नऊला पायांना फरक कळतो. आजीच्या काळी अंगणात संध्याकाळी सडा पडायचा, त्यात शास्त्र पुरेपूर होतं.

रहिवासी संघाच्या बगीच्याला मात्र पिण्याचं पाणी वापरूच नये. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून मान मिळाला तो सांडपाणी शुद्ध करण्यासाठीच. शुद्ध केलेलं पाणी बागांसाठी मिळण्याबद्दल निगमच्या झोन कार्यालयात संघाच्या लेटरहेडवर अर्ज करा.

फरशी कमी करा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडतं काम हे आहे, कारण आपल्याला अंगण म्हणजे पुसता येणारी जागा वाटते. एमओएस पूर्ण फरशीने मढवला की गाडी धुवायला सोपं जातं, पण घराच्या तोंडाशी तवा तयार होतो. गाडीला लागतात दोन चाकांच्या पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट रुंद. मधला आणि बाजूचा भाग उकरा, खाली गिट्टी-मुरूम, वर माती, त्यात साधी दूर्वा किंवा जलपिंपळी. गाडीखाली अर्धा दिवस सावली असते, त्यामुळे गवत विरळ राहील. राहू दे.

झाडाच्या बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक आधी काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्याकडेही तेच माप धरा. ब्लॉक काढल्यावर खालची माती दगडासारखी घट्ट झालेली असते. कुदळ मारू नका, वरची बारीक मुळं तुटतात. पाणी घालून रात्रभर मुरू द्या, मग खुरप्याने वरची दोन बोटं मोकळी करा, खत पसरा, पाला टाका. दोन पावसाळ्यांत गांडुळं उरलेलं काम करतात.

प्लॅस्टिकच्या कृत्रिम गवताबद्दल मऊ भाषेत सांगणं मला जमत नाही. उन्हात ते खऱ्या गवतापेक्षा खूप जास्त तापतं, पाणी नीट मुरू देत नाही आणि काही वर्षांत त्याचे तुकडे मातीत मिसळतात. गच्चीवर घातलं असेल तर काढून टाका आणि तिथे चुन्याचे दोन-तीन हात द्या. ताजा चुना बरंचसं ऊन परत फेकतो. मात्र हाच पांढरा रंग अंगणातल्या फरशीला देऊ नका. तिथून परतलेलं ऊन डोळ्यांवर आणि समोरच्या भिंतीवर पडतं. वर पांढरं, खाली सावली, असं धोरण ठेवा.

गल्ली एकत्र आखायची असेल तर

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी १९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांचा नगररचना अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा थोडी थोडी मोकळी करत जावी, नदीकाठ आणि बागा हा शहराचा भाग मानावा, असा त्यांचा आग्रह होता. गल्लीच्या पातळीवरही ही दृष्टी चालते: सगळं खोदायचं नाही, मोक्याच्या जागा निवडायच्या.

उत्तर-दक्षिण जाणाऱ्या गल्लीत पश्चिमेकडच्या घरांची सावली दुपारनंतर आपोआप रस्त्यावर येते. भाजून निघते ती समोरची, पश्चिमेला तोंड असलेली रांग. झाडं त्या रांगेसमोर लावा, सहा ते आठ मीटरवर एक. पूर्व-पश्चिम गल्लीला घरांची सावली उन्हाळ्यात मिळत नाही, सूर्य गल्लीच्या एका टोकाकडून डोक्यावरून दुसऱ्या टोकाकडे जातो. तिथे दोन्ही बाजूंना, पण समोरासमोर नको, एकाआड एक झाडं लावा, म्हणजे रस्त्यावर सावली पडते आणि मधूनमधून आकाशही राहतं. विजेच्या तारा ज्या बाजूला, तिथे आपटा, कांचन, पारिजात अशी बुटकी झाडं.

सगळी गल्ली छताने झाकू नये, याचं कारण सुरुवातीलाच आलं. रात्री उष्णता बाहेर पडायला आकाश लागतं. म्हणून संध्याकाळी बसायचा ओटा किंवा बाक मोठ्या झाडाच्या ऐन खाली नको. उघड्या मातीचा किंवा गवताचा एक तुकडा ठेवा, त्याच्या पश्चिमेला झाड ठेवा: चारपासून सावली, आठनंतर वर चांदण्या. बाक सिमेंटचा असेल तर दिवसा तो सावलीत राहील असा सरकवा, नाहीतर रात्री त्यावर कुणी बसत नाही. लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांचा बाक ऊन गेल्यावर लवकर निवतो.

पाऊस सुरू झाला की हिशेब बदलतो

जूनच्या मध्यापासून हवा दमट होते आणि सडा, कारंजी, ओलसर वेल यांचा उपयोग संपतो. आता गारवा वाऱ्यानेच. माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंतची झुडपं विरळ करा, झाडांच्या खालच्या फांद्या हळूहळू उचलून आठ फुटांपर्यंत खोड मोकळं ठेवा. माठांची झाकणं पक्की बसवा, नाहीतर डासांची पैदास. गल्लीतलं पावसाचं पाणी झाडाच्या आळ्यात उतरावं म्हणून कठड्याला वीतभर खाच ठेवा. काळी माती पाणी सावकाश पिते, त्यामुळे जादा पाणी बाहेर जायलाही दुसरी खाच लागते.

छाटणीची वेळ सांभाळा. मान्सूनपूर्व देखभालीच्या नावाखाली एप्रिल-मेमध्ये तारांखालची झाडं बोडकी होतात, म्हणजे नेमकी उन्हाळ्यात सावली जाते. तारांना भिडणाऱ्या फांद्या पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रीतसर काढून घेतल्या तर उन्हाळ्यात कुऱ्हाड घेऊन यायला कारण उरत नाही. फांदी जिथून फुटते तिथे, गळपट्ट्यासारखा फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेर कापायची. खुंट ठेवायचा नाही आणि खोडही सोलायचं नाही. अख्खं झाड काढायचं असेल तर मध्य प्रदेशात २००१ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, झाड तुमच्या स्वतःच्या अंगणात असलं तरी. अर्जासोबत फोटो जोडा आणि फांद्या उतरवून भागतं का, ते एकदा माळ्याला झाडाखाली उभं करून विचारा.